सीबीडी की टीएचसी? आधी गोळ्यांचा डबा उघडा

पिंपरी-चिंचवडला कारखान्यांचे शहर बनवणारी पिढी आता सत्तरीकडे झुकली आहे. टेल्को, बजाज, हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आणि भोसरी एमआयडीसीतली असंख्य छोटी वर्कशॉप यांत ज्यांनी तीस-तीस वर्षे पाळ्या केल्या, ती माणसे सकाळी प्राधिकरणातल्या बागेत बाकांवर भेटतात तेव्हा बोलणे फिरून गुडघे, कंबर आणि झोप यांवरच येते. लाइनवर उभे राहून झिजलेले गुडघे आणि रात्रपाळीने बिघडलेली झोप निवृत्त होत नाहीत. मुले चाकणला कामाला असतात, हिंजवडीला असतात किंवा थेट अमेरिकेत. तिकडून व्हिडिओ कॉलवर सल्ला येतो, ‘बाबा, इथे सगळे सीबीडी घेतात. नशा नाही, काही नाही. एकदा घेऊन तर बघा.’ बाकावरचे दुसरे कोणी सांगतात, ‘नुसते तेल कशाला? थोडे टीएचसी असलेले घ्या, गाढ झोप लागते.’ मग प्रश्न एवढाच उरल्यासारखा वाटतो, की दोघांपैकी घ्यायचे कोणते?

प्रश्नाची सुरुवातच चुकीच्या टोकाकडून होते. सत्तरीतल्या माणसाने सीबीडी की टीएचसी हे ठरवण्याआधी आपला रोजच्या गोळ्यांचा डबा टेबलावर रिकामा करायला हवा. तिशीतल्या धडधाकट माणसाच्या शरीरात ही द्रव्ये बहुधा एकटीच जातात. सत्तरीत ती रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, हृदयाच्या आणि झोपेच्या गोळ्यांच्या गर्दीत शिरतात, आणि खरा धोका त्या गर्दीत आहे.

भांग, गांजा आणि चरस एकाच झाडाचे. पाने ती भांग, मादी झाडाचे फुलोरे म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस. या झाडात शंभराहून अधिक कॅनाबिनॉइड सापडतात, पण बाजार फिरतो तो दोघांभोवती. इस्रायली रसायनशास्त्रज्ञ राफाएल मेशुलम यांनी १९६३ मध्ये सीबीडीची रचना उलगडली आणि पुढच्याच वर्षी येहिएल गाओनी यांच्यासह टीएचसी शुद्ध स्वरूपात वेगळे केले. नशा येते ती टीएचसीची, हे तेव्हा पक्के झाले. १९९२ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेला मेंदूत तयार होणारे असे एक द्रव्य सापडले, की जे टीएचसीच्याच कुलपात किल्लीसारखे बसते. त्याला त्यांनी संस्कृत ‘आनंद’ या शब्दावरून ‘आनंदामाइड’ असे नाव दिले. (या नावामुळे आपल्याकडे काहींची छाती उगाच फुगते. पूर्वजांना सगळे ठाऊक होते, यासाठी हा पुरावा पुरत नाही.) सीबीडी मात्र त्या कुलपात नीट बसत नाही, म्हणून त्याने झिंग येत नाही. इथपर्यंत अमेरिकेतल्या मुलाचे म्हणणे बरोबर आहे. पण ‘नशा नाही’ याचा अर्थ तो ‘परिणाम नाही’ असा लावतो, तिथे घसरतो.

आधी टीएचसीचे पाहू, कारण त्याचा धोका डोळ्यांना दिसतो. सत्तरीतले एक गृहस्थ डोळ्यांसमोर आणा. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन, प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन. या दोन्हींमुळे झटकन उभे राहिल्यावर रक्तदाब थोडा खाली येऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी ‘सावकाश उठा’ म्हणून बजावलेले असते. त्यात झोपेसाठी रात्री टीएचसी असलेली गोळी किंवा थेंब घेतले. टीएचसीने नाडी जलद होते, उभे राहताना रक्तदाब पडू शकतो, तोल आणि अंतराचा अंदाज बिघडतो. प्रोस्टेटमुळे रात्री दोन वाजता लघवीला उठावे लागतेच. अंधार, बाथरूमची ओली फरशी आणि तीन औषधांचा एकत्र परिणाम. या वयात खुब्याचे हाड मोडले तर अनेकांचे स्वतःच्या पायावर हिंडणे-फिरणे कायमचे थांबते. ज्या गुडघ्यासाठी हा खटाटोप केला तो मग बाजूलाच राहतो.

पोटातून घेतलेल्या टीएचसीची आणखी एक खोड आहे. ओढलेला गांजा काही मिनिटांत लागतो, खाल्लेल्याला अर्ध्या तासापासून दोन तासही लागतात. वाट पाहणारा माणूस ‘काहीच झाले नाही’ म्हणून दुसरी गोळी घेतो आणि मग दोन्ही एकदम चढतात. होळीला थंडाईचा दुसरा पेला घेणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. शिवाय यकृतात टीएचसीचे रूपांतर आणखी प्रभावी द्रव्यात होते आणि परिणाम सहा-आठ तास, कधी त्याहून अधिक टिकतो. वय वाढते तसे शरीर ते बाहेर टाकायलाही उशीर लावते.

हे नुसते तर्क नाहीत. कॅलिफोर्नियात ६५ वर्षांवरील लोकांच्या गांजाशी संबंधित आपत्कालीन रुग्णालय भेटी २००५ मध्ये ३६६ होत्या. २०१९ मध्ये त्या १२,१६७ झाल्या. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात गांजाचे खाद्यपदार्थ कायदेशीर झाल्यानंतर वृद्धांच्या विषबाधेच्या आपत्कालीन भेटींचे प्रमाण कायद्याआधीच्या तुलनेत तिपटीहून अधिक झाले, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.  परवानाधारक दुकानात मिलिग्रॅम छापलेला माल मिळू लागल्यावरही हे घडले.

म्हणून बरेच जण म्हणतात, टीएचसी नको, सीबीडी बरे. तोल जात नाही, गाडी चालवता येते. (तेही पूर्ण खरे नाही. जास्त मात्रेत सीबीडीनेही सुस्ती येते, आणि सोबत झोपेची गोळी असेल तर अधिकच.) पण सीबीडीचा मुख्य धोका यकृतात आहे, आणि तो दिसत नाही.

कारखान्यात आयुष्य गेलेल्यांना तो लगेच समजेल. यकृतातली काही एन्झाइम म्हणजे लाइनवरचे कामगार. आपण गिळलेली बहुतेक औषधे त्यांच्या हाताखालून जातात. काही औषधांचे ते तुकडे करून बाहेर पाठवतात, काहींची जुळणी करून त्यांना कामाला लावतात. सीबीडी येऊन या कामगारांना अडवून धरते. मग ज्या औषधाचे तुकडे व्हायचे होते ते साचत जाते आणि ज्याची जुळणी व्हायची होती ते तयारच होत नाही.

साचण्याचे उदाहरण रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचे. अमेरिकेत वॉरफरिन घेणाऱ्या एका रुग्णाला फिट्ससाठी सीबीडी सुरू केले. सीबीडीची मात्रा वाढवत नेली तशी रक्त गोठण्याच्या वेळेची चाचणी, म्हणजे आयएनआर, वर चढत गेली. अखेर वॉरफरिनचा डोस सुमारे ३० टक्क्यांनी उतरवावा लागला. २०१७ मध्ये ही नोंद प्रसिद्ध झाली. तिथे डॉक्टर आयएनआर मोजत होते म्हणून ते कळले. घरात गुपचूप तेल घेणाऱ्याला ते हिरड्यांतून किंवा मेंदूत रक्त आल्यावरच कळेल. आपल्याकडे अनेकांना वॉरफरिनऐवजी ॲसिट्रोम दिले जाते. त्याची वाट यकृतात बऱ्याच अंशी तीच आहे.

जुळणी अडण्याचे उदाहरण क्लोपिडोग्रेलचे. अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसलेल्या किती घरांत ही गोळी असेल याचा विचार करावा. ती गिळली तेव्हा निष्क्रिय असते. यकृतातल्या सीवायपी२सी१९ या एन्झाइमच्या हाताखालून गेल्यावरच ती रक्ताची गुठळी रोखू लागते, आणि सीबीडी नेमके त्याच एन्झाइमला अडवते. स्टेंटवाल्यांत याने किती नुकसान होते याचे मोठे अभ्यास झालेले नाहीत. पण मंदावलेली गोळी बाहेरून दिसत नाही, दुखत नाही आणि नेहमीच्या रक्ततपासणीतही सापडत नाही, एवढे कारण सावध होण्यास पुरेसे आहे. कोलेस्टेरॉलच्या ॲटोर्व्हास्टॅटिनची पातळीही वाढू शकते. झोपेच्या नि फिट्सच्या काही गोळ्यांचे तसेच.

यकृतालाही स्वतःचा त्रास होऊ शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या शास्त्रज्ञांनी निरोगी प्रौढांना २८ दिवस, वजनाच्या दर किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम सीबीडी दिले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ५.६ टक्के लोकांत यकृताची एन्झाइम नेहमीच्या कमाल पातळीच्या तिपटीहून वर गेली. त्यांना ते जाणवलेही नव्हते. साठ किलोच्या माणसाला ही मात्रा ३०० मिलिग्रॅम पडते. बाटलीतल्या थेंबांतून बहुतेकांच्या पोटात त्याहून कितीतरी कमी जाते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने मात्र २०२३ मध्ये निरोगी प्रौढांसाठी रोजच्या सीबीडीची सुचवलेली मर्यादा ७० वरून १० मिलिग्रॅमवर आणली. दीर्घकाळच्या वापराची माहिती जसजशी येते आहे, तसतसा सल्ला आखडता होतो आहे.

एवढे पत्करून गुडघा तरी बरा होतो का? इथे उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. डेन्मार्कमध्ये हाताच्या सांध्यांची झीज आणि सोरायसिसचा संधिवात असलेल्यांना १२ आठवडे रोज २० ते ३० मिलिग्रॅम सीबीडी किंवा तशीच दिसणारी पोकळ गोळी दिली. दोन्ही गटांचे दुखणे सारखेच कमी झाले. मात्रा कमी पडली असेल, असे कोणी म्हणेल. तर व्हिएन्नात गुडघ्याच्या झिजेच्या रुग्णांना पॅरासिटामॉलबरोबर रोज ६०० मिलिग्रॅम देऊन पाहिले. तरीही पोकळ औषधापेक्षा जास्त आराम नाही. डॅनिश अभ्यासातली ‘दोन्ही गटांना बरे वाटले’ ही गोष्ट विसरू नये. बाकावरच्या मित्राला तेलाने फरक पडला असेल, तो खोटे बोलत नाही. दुखणे कमी-जास्त होतच असते, आणि माणूस ते सर्वात वाढलेले असतानाच नवे औषध सुरू करतो.

म्हणजे सगळे थोतांड का? तसे नाही. लहान मुलांतल्या ड्रॅव्हेट आणि लेनॉक्स-गॅस्टो या दुर्मिळ, हट्टी फिट्सवर शुद्ध सीबीडी गुणकारी ठरले आणि २०१८ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. केमोथेरपीच्या उलट्यांवर कृत्रिम टीएचसी १९८५ पासून वापरले जाते. मल्टिपल स्क्लेरोसिसमधल्या स्नायूंच्या ताठरपणावर दोन्ही जवळपास सारख्या प्रमाणात असलेला फवारा अनेक देशांत मिळतो. जुनाट दुखण्याबद्दल तज्ज्ञांतच मतभेद आहेत. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका गटाने, इतर उपाय थकल्यावर न ओढता घेण्याचे औषधी कॅनाबिस आजमावून पाहायला हरकत नाही, अशी सौम्य शिफारस केली. फायदा किती, तर शंभरांपैकी साधारण दहा जणांना जास्तीचा जाणवण्याजोगा आराम. त्याच वर्षी वेदना-अभ्यासकांच्या जागतिक संघटनेने, पुरावा अपुरा आहे म्हणून आपण याला पाठिंबा देऊ शकत नाही, असे जाहीर केले. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या किंवा मज्जातंतूंच्या असह्य वेदनेतल्या माणसाने वेदनातज्ज्ञाशी बोलून हा विचार केला, तर त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. झिजलेल्या गुडघ्याचा हिशेब वेगळा आहे.

एक बाजू मात्र तेल घेणाऱ्यांची आहे आणि ती टाळून चालणार नाही. त्यांना दुसरे काय मिळते? बहुतेकांचा पर्याय म्हणजे औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी, आणि तिने जठर, मूत्रपिंड व रक्तदाब यांची जी वाट लागते ती नक्कीच काल्पनिक नाही. मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम, चार-पाच किलो वजन उतरवणे, पोटात घेण्याऐवजी वरून लावायचे वेदनाशामक मलम यांना पुरावा चांगला आहे. पण व्यायाम शिकवायला वेळ लागतो आणि गर्दीच्या ओपीडीत तो कोणाकडेही नसतो. तेलाच्या बाटलीला गिऱ्हाईक मिळते ते या रिकाम्या जागेत. त्याबद्दल म्हाताऱ्यांना वेड्यात काढण्यापेक्षा ही जागा रिकामी ठेवणाऱ्यांना प्रश्न विचारावा.

आता बाटलीकडे. पिंपरीत १९५५ पासून पेनिसिलीन बनले आणि त्याच्या कुपीवर किती युनिट आहेत हे छापलेले असे. डॉक्टर, नर्स, रुग्णाचा नातेवाईक, सगळ्यांना एकच आकडा दिसे. सीबीडीच्या बाटलीचे तसे नाही. ऑनलाइन तीन वेगळ्या वस्तू एकाच चित्राखाली विकायला असतात. हेम्प बियांचे तेल हा खाद्यपदार्थ आहे. एफएसएसएआयने २०२१ मध्ये त्याला परवानगी दिली ती टीएचसीवर किलोला ५ मिलिग्रॅमची मर्यादा घालूनच. ते जवसाच्या तेलासारखे समजावे. त्यात औषधापुरते सीबीडी नसते आणि वेदनेसाठी ते घेणे म्हणजे पैसे वाया. दुसरे ‘विजया’ अर्काचे तेल. विजया हे भांगेचे आयुर्वेदातले नाव. हे आयुष परवान्यावर, वैद्यांच्या चिठ्ठीने मिळते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई (१) या विषारी द्रव्यांच्या यादीत भांग आणि गांजा दोन्ही आहेत, आणि अशा औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना छापणे सक्तीचे आहे. परवाना खरा असतो. पण ॲलोपॅथीच्या नव्या औषधाला लागतात तशा टप्प्याटप्प्याच्या मोठ्या चाचण्या त्याला लागत नाहीत. तिसरे म्हणजे परदेशी सीबीडी.

आणि आकडा? ‘विजया अर्क १००० मिलिग्रॅम’ याचा अर्थ सीबीडी १००० मिलिग्रॅम असा होत नाही. अर्कात सीबीडी किती आणि टीएचसी किती, हे वेगळे छापलेले नसेल तर थेंबांचा हिशेबच मांडता येत नाही. वरचे सर्व अभ्यास मिलिग्रॅममध्ये आहेत आणि घेणारा मोजतो थेंबांत. अमेरिकेत २०१७ मध्ये ऑनलाइन मिळणारी ८४ सीबीडी उत्पादने तपासली तेव्हा जेमतेम ३१ टक्के लेबले खरी निघाली, आणि १८ नमुन्यांत टीएचसी सापडले. नशा नको म्हणून सीबीडी घेणाऱ्याच्या पोटात टीएचसी जाते ते असे. शिवाय सीबीडी स्निग्ध जेवणाबरोबर घेतले तर रक्तातली पातळी उपाशीपोटीपेक्षा चार-पाच पट होऊ शकते. तेवढेच थेंब, पण एक दिवस कोऱ्या चहानंतर आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळी-तुपावर, हे शरीराच्या दृष्टीने दोन वेगळे डोस आहेत. दोन्ही द्रव्यांचे मिलिग्रॅम प्रत्येक बाटलीवर, मराठीत, वाचता येतील एवढ्या मोठ्या अक्षरात छापण्याची सक्ती व्हायला हवी. ज्या शहरात नट-बोल्टही मायक्रोमीटरने मोजून पुढे जातो, तिथे ही मागणी अवाजवी वाटू नये.

कायद्याचे थोडक्यात. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या व्याख्येत गांजा आणि चरस येतात. पाने त्याबाहेर आहेत, पण महाराष्ट्रात भांगेवर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे बंधन आहे. अमेरिकेहून परतताना लेकीने प्रेमाने पर्समध्ये घातलेली टीएचसीची गमी तिथल्या राज्यात कायदेशीर असेल. मुंबईच्या विमानतळावर ती गुन्हा आहे. सहा महिने नातवाला सांभाळून येणाऱ्या आजींनी पर्स तिथेच रिकामी केलेली बरी.

तरीही कोणी वैद्यांच्या चिठ्ठीने हे घेणारच असेल, तर त्याने आपल्या फॅमिली डॉक्टरला ते सांगितलेच पाहिजे, आणि डॉक्टरने न ओरडता ऐकले पाहिजे. वॉरफरिन किंवा ॲसिट्रोम, क्लोपिडोग्रेल, फिट्सच्या गोळ्या, यकृताचा आजार यांपैकी काही असेल तर सीबीडीला सरळ नाही म्हणावे. तोल जातो, विसरायला होते, हृदयाचे ठोके अनियमित आहेत किंवा घरात कोणाला मानसिक आजार होऊन गेला आहे, तर टीएचसीला. सुरू केलेच तर आधी यकृताची तपासणी, सर्वात कमी मात्रा आणि महिनाभराने ‘खरेच फरक आहे का?’ हा प्रश्न. नसेल तर बाटली बंद.

घरच्यांनी एक गोष्ट माहीत करून घ्यावी. म्हातारा माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला, लटपटू लागला, छातीत धडधडते म्हणाला, तर ते टीएचसीमुळे असू शकते. ते साखर उतरल्यामुळे असू शकते आणि पक्षाघातामुळेही. बाहेरून ओळखता येत नाही, त्यामुळे झोपवून ठेवून वाट पाहू नये. कॅज्युअल्टीत गेल्यावर लाजेने किंवा पोलिसांच्या भीतीने ‘काही घेतले नाही’ म्हणणारे नातेवाईक डॉक्टरांना चुकीच्या वाटेला लावतात. रिक्षात बसताना गोळ्यांचा डबा बरोबर घ्यावा, आणि कपाटात ती बाटली असेल तर तीही.